महाबळेश्वरची कुंडी

नानासाहेबांनी पानाला नुसतं बोट लावलं, तर पान भाजलेल्या पापडासारखं चुरलं आणि रिकामा देठ तेवढा फांदीला राहिला. सकाळची वेळ होती. सिडकोतलं बैठं घर, समोर हातभर अंगण, अंगणात भिंतीच्या कडेनं कुंड्या: तुळस, मोगरा, कढीपत्ता, गुलाब, आणि सगळ्यात शेवटी ही मोठी, महाबळेश्वरहून आलेल्या झाडाची. बाकीच्यांची माती कालच्या पाण्यानं अजून काळी होती. हिची माती पांढरी पडून कुंडीच्या काठापासून सुटली होती; मधल्या फटीत करंगळी गेली असती. हे एका दिवसाचं काम नव्हे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तेवढ्यात मागून दारातून द्वारकाबाई म्हणाल्या, "वाळलं ना? म्हणलं नव्हतं का मी? विटाळाची सावली पडली की झाडाला बी कळतं." त्या बोलल्या नवऱ्याच्या पाठीकडं बघून, पण बोलणं होतं ते बाहेरच्या खोलीत चटईवर पडलेल्या सुनेला.  नानासाहेबांना एवढंच म्हणायचं होतं की सावलीबिवली काही नाही, मी पाणी घातलं नाही. वाक्य जिभेवर तयार होतं. त्यांनी बोटांना चिकटलेला चुरा धोतराला पुसला, घसा खाकरला, आणि ते आत जाऊन पेपर वाचायला बसले.

पेपर त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितला आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. आपण विसरलो, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. साठीला आलेला माणूस, जिल्हा परिषदेतून गेल्याच वर्षी रिटायर झालेला, विसरतो. नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. हौद भरायचा, पिंपं भरायची, त्या धांदलीत एखादी कुंडी राहते. पण विसरलेल्या माणसाला आपण काय विसरलो ते ठाऊक नसतं, आणि नानासाहेबांना ती कुंडी रोज ठाऊक होती. तांब्या घेऊन ते तुळशीपासून निघत, मोगरा, कढीपत्ता, गुलाब, आणि गुलाबाशी आलं की हात आपोआप थांबे. तांब्यात पाणी उरलेलं असे. ते पाणी घेऊन ते परत फिरत. असं एकदा झालं, मग रोज झालं, आणि प्रत्येक वेळी परत फिरताना त्यांना छातीत कुठंतरी थोडं बरं वाटे. आता पेपर मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांना त्या बरं वाटण्याची आठवण झाली आणि अंगावर काटा आला.

झाड सुनेचं. सुनेचं नाव गोदावरी, माहेर पैठणचं, घरात सगळे गोदा म्हणत. लग्नानंतर बद्रीनाथ तिला घेऊन महाबळेश्वरला गेला होता. वाळूजच्या कंपनीत नुकता लागलेला मुलगा, मित्रांनी सांगितलं म्हणून गेला. गंगापूरच्या त्यांच्या घराण्यात लग्न झाल्यावर जेजुरीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. येताना सगळे स्ट्रॉबेरीचा जाम आणतात, ह्या दोघांनी हे झाड आणलं. एसटीत पुण्यापर्यंत आणि पुण्याहून औरंगाबादपर्यंत गोदानं ती मातीची पिशवी मांडीवर धरली होती. नव्या साडीला चिखल लागलेला, आणि तोंडभर हसू. रोपाला एकच गुच्छ होता, निळा, लहान मुलाच्या डोक्याएवढा. माळ्यानं नाव सांगितलं होतं हायड्रेंजिया. द्वारकाबाईंना ते कधी जमलं नाही, त्या त्याला ते हैदराबादी झाड म्हणत. निजाम गेला तरी हैदराबाद दारात येऊन बसलंच की, असं नानासाहेब तेव्हा म्हणाले होते आणि सगळे हसले होते. दुसऱ्या वर्षी इथल्या मातीत गुच्छ आला तो गुलाबी आला. गोदा हिरमुसली. "इथं आल्यावर रंग बदलायचाच पोरी, तुझी आत्याबाई लग्नात गोरी होती," हेही तेच म्हणाले होते. सुनेशी अशी थट्टा करणारे सासरे त्यांच्या गावात नव्हते. ती सासूला आत्याबाई आणि त्यांना मामा म्हणे, आणि त्या हाकेसाठी ते कधीकधी उगीच दुसऱ्या खोलीतून पाणी मागत.

मग तिला दिवस राहिले. नानासाहेब कुणाला बोलले नाहीत, पण त्यांनी कोपऱ्यावरच्या सुताराकडं जाऊन पाळण्याच्या लाकडाची चौकशी करून ठेवली होती. फाल्गुनात तिच्या भावाचा टिळा होता पैठणला. ते म्हणाले, "एसटीनं जाऊ नको. बिडकीनपासून पुढं रस्त्याची पार चाळण झालीय." ती म्हणाली, "मामा, एवढ्यानं काय व्हतंय? बसून तर जायचंय," आणि हसत गेली. आल्यावर आठवड्याच्या आत सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की प्रवासाचा ह्यात काही संबंध नाही, चौथ्या महिन्यात होतं असं पुष्कळांना, वर्षानं पुन्हा बघू. नानासाहेबांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे पटलं असं नव्हे, हे त्यांना स्वतःलाही उशिरा कळलं. ज्या पोरीच्या पोटातलं गेलंय तिच्यावर कुणी शहाणा माणूस रागावत नाही. त्यांनी तिच्यासाठी शहागंजातून डाळिंबं आणली, खारका आणल्या, बद्रीनाथला रजा घ्यायला लावली. रागाला घरात कुठं जागाच नव्हती. मग द्वारकाबाईंनी दवाखान्यातून आलेल्या सुनेची चटई बाहेरच्या खोलीत घातली, ताट-तांब्या वेगळा केला आणि सांगितलं, "विटाळ फिटस्तोवर कुंड्यांना हात लावू नको. तुळस हाय त्यात. पाणी हे घालतेत." ते घालतील, हे ठरलं. आणि त्यांचा राग तांब्यात जाऊन बसला.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ते कुंडीशी आले. काटक्यांवर सुरकुतलेली पानं लोंबत होती. त्यांनी बुडाजवळच्या जाड काटकीला अंगठ्याच्या नखानं हलकंसं खरवडलं. साल सुटली आणि खाली तुसाएवढी हिरवी रेघ दिसली. त्यांना बसावंसं वाटलं आणि ते तिथंच उकिडवे बसले. असं नख लावताना त्यांनी वडिलांना बघितलं होतं. गंगापूरला त्यांची मोसंबीची बाग होती, आणि मोसंबीला बहार यायचा तर आधी ताण द्यावा लागतो; पाणी तोडायचं, झाड पिवळं पडेपर्यंत तोडायचं, पानं गळू द्यायची आणि मग सोडायचं. वडील रोज बागेत फिरून सालीला नख लावून बघत. कुठवर तोडायचं हे ज्याला कळतं तो बागवान, बाकीचे सरपणवाले, असं म्हणत. रझाकारांच्या साली उन्हाळ्यात बाग ताणावर होती आणि एका रात्रीत घर सोडून गोदावरी नदी ओलांडून नगरकडच्या सोयऱ्यांत जावं लागलं. पोलीस ॲक्शननंतर माघारी आले तेव्हा घराची दारं गेली होती, त्याचं वडिलांनी काही केलं नाही. ते सरळ बागेत गेले आणि एकेका झाडाला नख लावत सुटले. कोरडं, कोरडं, कोरडं. नानासाहेब तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि मागं मागं चालत होते. त्या बागेच्या वाळण्याला निदान पळापळीचं कारण होतं. इथं कोण पळालं होतं? पाणी तोडलं की झाडाचं काय होतं, हे ह्या वस्तीत दुसऱ्या कुणाला नसेल एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनीच तोडलं. अडाणीपणाचा आडोसासुद्धा त्यांना राहिला नव्हता.

वरून पाणी घालून उपयोग नव्हता. माती इतकी आवळली होती की पाणी काठाच्या फटीतून सरळ खाली जाऊन अंगणात आलं असतं. त्यांनी न्हाणीतलं मोठं घमेलं आणलं, त्यात पिंपातलं पाणी ओतलं आणि कंबरेवर हात ठेवून, दम घेत घेत, कुंडी उचलून त्यात ठेवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बुडाच्या भोकातून बुडबुडे यायला लागले, एकामागून एक, बारीक आवाज करत. माती पाणी पीत होती. ते ऐकत बसले. द्वारकाबाईंना जादा पाण्याचा हिशेब लागू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून ते अर्ध्या बादलीत आंघोळ उरकायला लागले आणि उरलेलं बिनसाबणाचं पाणी कुंडीसाठी बाजूला ठेवायला लागले. कुंडी त्यांनी न्हाणीच्या मागच्या सावलीत नेली. जळालेले शेंडे तेवढे कात्रीनं काढले. जाड काटक्यांना हात लावला नाही, कारण ह्या झाडाचा पुढचा बहार जुन्या काटकीवरच येतो हे गोदानंच कधीतरी सांगितलेलं त्यांना आठवत होतं. वर ओलं गोणपाट टाकलं. हे सगळं ते चोरासारखं करत, आणि करताना त्यांच्या मनात हे पक्कं होतं की झाड फुटलं की आपण सुटलो. हिरवं पान दिसलं की सावलीची गोष्ट आपोआप खोटी पडेल, मग कुणाला काही सांगायलाच नको. माणूस स्वतःशी किती स्वस्तात सौदा करतो.

चौथ्या-पाचव्या दुपारी ते गोणपाटावर पाणी शिंपडत होते तेव्हा गोदा मागच्या दारात येऊन उभी राहिली. विटाळ फिटून ती न्हाली होती, केस ओले होते. अंगात साडी सैल झाली होती. "जगंल का, मामा?" तिनं विचारलं. ते म्हणाले, "जगंल. बुडात हिरवं हाय." ती जवळ आली नाही. भिंतीला टेकून ती बराच वेळ कुंडीकडं बघत राहिली आणि मग साध्या आवाजात म्हणाली, "मी बघत व्हते."

"काय?"

"खिडकीतून. दुसरं काय बघायला व्हतं मला तिथं? तुम्ही गुलाबापोतर यायचे. मंग तांब्यातलं उरलेलं माघारी नेऊन तुळशीला घालायचे."

नानासाहेबांच्या हातातून गोणपाटाचं टोक सुटलं. पाणी पायावर पडलं. तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. "मंग बोलली का नाय?" एवढंच त्यांना सुचलं, आणि म्हटल्याबरोबर त्या वाक्याची लाज वाटली. ती म्हणाली, "आधी वाटलं विसरले असतील. मंग वाटलं उद्या घालतील. मंग रोज त्याच्यासाठीच उठून बसायला लागले." भिंतीचा सुटलेला रंग ती नखानं काढत होती. "मी एसटीनं गेले म्हणून ना?"

त्यांना नाही म्हणता आलं नाही आणि हो म्हणायची छाती झाली नाही. घमेल्यातल्या पाण्यावर मुंग्या तरंगत होत्या. "डॉक्टरीणबाई म्हणल्या व्हत्या, त्यानं काय नसतं व्हत," गोदा म्हणाली. "व्हय," ते म्हणाले, "म्हणल्या व्हत्या." मग ती थोडी थांबली. ती ज्यासाठी थांबली होती ते त्यांना पुरतं कळत होतं. आणि त्यांनी काय केलं, तर वाकून गोणपाट उचललं आणि पुन्हा नीट पसरलं. ती आत गेली.

त्यानंतरचे दिवस ते वाट बघत राहिले की ती कुणाला तरी सांगेल. बद्रीनाथला सांगेल, तो येऊन चार शब्द बोलेल, द्वारकाबाई तोंडाचा पट्टा सोडतील, आणि आपण खाली मान घालून ऐकून घेऊ. ऐकून घेतलं की संपतं. गोदानं कुणाला सांगितलं नाही. त्यांचा चहा वेळेवर येत होता, चष्मा सापडत नसला की ती शोधून देत होती. फक्त मामा ही हाक तेवढी कमी झाली. "चहा ठेवलाय" एवढंच. आणि तिचा हात घरात आखडायला लागला होता. लोणच्याची बरणी काढायची तर ती द्वारकाबाईंना हाक मारी. शेजारच्या मनकर्णाबाईंची नात रांगत दारात आली की पूर्वी ती धावत जाऊन उचलायची, आता उंबऱ्याच्या आतून नुसती बघायची. म्हणजे खिडकीतून सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा तिला कुठंतरी वाटतच होतं की आपल्याच हातानं वाळतं. दहा जणांनी दहादा म्हटल्यावर डोळ्यांचं कोण ऐकतं? आखितीला तिचा भाऊ न्यायला येणार होता. आखितीला लेकी माहेरी जातातच, त्यात काही नवल नव्हतं. पण तिनं पिशवी न काढता ट्रंक काढली, आणि नानासाहेबांनी जाता जाता पाहिलं, साड्यांच्या खाली तिनं स्वेटर घडी करून ठेवला होता. वैशाखात पैठणला स्वेटर कोण नेतं? त्यांनी बद्रीनाथला विचारलं, "कधी येनार म्हणली ती?" तो बूट घालत म्हणाला, "राहील की थोडे दिवस. तिचं मन लागंना इथं." त्यानं वर बघितलं नाही. मुलगा बापावरच गेला होता.

झाड फुटलं. एका काटकीच्या पेऱ्यातून आधी लालसर ठिपका, मग दोन पानं, मुडपलेली. नानासाहेबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि त्यांना काहीच वाटलं नाही. ज्याच्यासाठी अर्ध्या बादलीत आंघोळी केल्या ते समोर होतं आणि आपण सुटलो नाही हे त्यांना दिसत होतं. उलट द्वारकाबाईंनी कुंडी पुढच्या अंगणात आणायला लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना दाखवायला सुरुवात केली. "विटाळ फिटला आन् बघा, लगेच फुटलं. आता तरी मानाल का नाय?" त्यांच्या बोलण्यात सुनेबद्दल वाईट नव्हतं. पाऊस पडला, ऊन पडलं, तसं त्या ते सांगत. आणि गोष्ट गल्लीत फिरली.

पापडाच्या दिवशी ती गोष्ट घरात माघारी आली. दरवर्षी द्वारकाबाईंच्या बाहेरच्या खोलीत पापड लाटायला शेजारणी जमत. त्या वर्षी मनकर्णाबाई आणि मागच्या ओळीतल्या साळूबाई आल्या होत्या. उडदाचं पीठ कुटून कुटून तेलाच्या हातानं मऊ केलेलं, पोळपाटांचा ठेका, अंगणात बाजेवर धुतलेलं धोतर वाळवणासाठी पसरलेलं. नानासाहेब दाराशी खुर्ची टाकून कावळे हाकायला बसले होते. पुरुषाला त्या दिवशी तेवढंच काम. गोदा हात धुऊन आली, पदर खोचला आणि मोकळं लाटणं उचलून बसायला लागली. मनकर्णाबाई अगदी मायेनं म्हणाल्या, "तू राहू दे गं गोदा. झाड वाळलं म्हणतेत नं तुझ्या सावलीनं. पापड लाल पडले तर वरीसभर तेच खायाचे हायत." साळूबाई हसल्या. द्वारकाबाईंनी लाट्यांची परात जराशी आपल्याकडं ओढली. गोदानं लाटणं होतं तिथं ठेवलं, जमिनीला टेकवताना आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवलं, आणि "चहा टाकते" म्हणून ती आत गेली. ते दोन्ही हातांनी ठेवणं नानासाहेबांना बघवलं नाही.

ते खुर्चीतून उठले. "त्या झाडाला मी पाणीच घातलं नव्हतं," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, आणि मोठाही. पोळपाट थांबले. "सावली नाय न् विटाळ नाय. पाणी घालायचं माझ्याकडं होतं. मी सगळ्या कुंड्यांना घातलं आणि तिच्या कुंडीला नाय घातलं. मुद्दाम नाय घातलं."

 मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. "बघा गं बाई," त्या साळूबाईंना म्हणाल्या, "सुनंचं वाईट दिसू नाय म्हणून आपल्या अंगावर घेतेत. असा सासरा मिळायला नशीब लागतं." साळूबाई म्हणाल्या, "आमच्या मामंजीनं कधी, जेवली का पोरी, असं बी इचारलं नाय." नानासाहेब म्हणाले, "मी खरं सांगतोय." "व्हय व्हय, खरंच," मनकर्णाबाई लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या.  एवढे दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते निघालं, आणि बाहेर येईपर्यंत त्याचं पुण्य होऊन बसलं होतं. पहिल्याच सकाळी म्हटलं असतं तर ते पाप म्हणून पदरात पडलं असतं. आता त्यांना कुणी पापसुद्धा देईना. आत कपबशांचा आवाज थांबला होता. गोदानं ऐकलं होतं हे नक्की. पण तिनं काय ऐकलं? सासऱ्याची कबुली ऐकली, की बायकांचं हसू? द्वारकाबाई हसल्या नव्हत्या. त्यांच्या लाटण्याखालचा पापड इतका पातळ झाला की मधोमध फाटला. तो गोळा करून त्यांनी पुन्हा लाटायला घेतला, आणि तोही फाटला.

उन्हं कलायच्या आत पापड संपले. शेजारणी आपापल्या वाट्याची लाटी घेऊन घरी गेल्या. जाताना मनकर्णाबाई नानासाहेबांकडं बघून कौतुकानं हसल्या. द्वारकाबाई बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि हाताला चिकटलेलं पीठ दुसऱ्या हातानं चोळून काढायला लागल्या. ते निघत नव्हतं. बाजेवरचे पापड उन्हानं कडेनं वळायला लागले होते. "खरं बोललात का?" त्यांनी खाली बघूनच विचारलं.

"व्हय."

"मुद्दाम?"

"व्हय."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला का म्हणून फारसं विचारलेलं नव्हतं. नानासाहेब बोलणी खायला तयार होऊन उभे होते. द्वारकाबाई भलतंच बोलल्या. "माझी शेवंती आठवती का तुम्हाला? गंगापूरची. हिरीच्या मागं लावलेली."

त्यांना आधी शेवंती आठवली नाही, द्वारका आठवली. लग्न होऊन दुसरं वर्ष असलेली, बारीक मनगटांची. शेवंतीचा मोना, मुळाशी फुटलेला कोंब, तिनं माहेराहून ओल्या फडक्यात बांधून आणला होता. पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा नानासाहेबांच्या आईनं तिला गोठ्याच्या पडवीत बसवलं. त्यानंतर बद्रीनाथ व्हायला बारा वर्षं आणि किती नवस लागले. त्या पहिल्या मुलाचं नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळं त्याच्याबद्दल बोलायचं कसं हे दोघांनाही कधी कळलं नाही, आणि बोलायचं राहिलंच. "वाळली व्हती ती," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमची आई मला म्हणली, बघ, तुझ्या सावलीनं वाळली. मला बी वाटलं, आसंल. पोटातलं वाळलं, तर शेवंतीचं काय. त्याच्यानंतर मी कधी आपल्या हातानं फुलाचं झाड लावलं नाय. ही मोगरा, गुलाब समदी तुमची हायत."  मग मान वर करून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "तवा तिला पाणी कोण घालत व्हतं? मी तिकडं पडवीत असताना?"

नानासाहेबांनी डोळे मिटून ते अंगण बघितलं. वडील नव्यानं लावलेल्या बागेत. आई चुलीपुढं. ते स्वतः सायकलवर तहसीलला निघालेले, विहिरीवरून जाताना. विहिरीवर रहाट होता, रहाटाला पोहरा होता, पोहऱ्याजवळ भरलेली घागर होती. सगळे येऊन जाऊन पाणी पीत होते, बैलांना पाजत होते, पाय धूत होते. शेवंतीच्या वाफ्याशी त्यांना कुणी वाकलेलं दिसेना. तिथं वाकायची ती एकच होती, सांजच्याला भांडी घासून झाल्यावर, राखुंडीच्या हातानं. तिला उचलून पडवीत बसवली, आणि तिच्याबरोबर तो हातही उचलून नेला.

"तूच घालायची," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय कोणी नाय."

"कोणीच नाय?"

"कोणीच नाय."

द्वारकाबाई पीठ चोळायच्या थांबल्या. "मंग वाळंल नाय तर काय व्हईल," त्या हळू म्हणाल्या. हे त्या त्यांना म्हणाल्या नव्हत्या. पायरीला हात टेकून त्या उठल्या, गुडघा धरून थोडं थांबल्या आणि आत गेल्या. माजघराच्या दाराशी त्यांची पावलं अडली, मग पुढं गेली. नानासाहेबांना त्यांचा आवाज ऐकू आला, पुढचे शब्द तुटक तुटक. "मला म्हणले व्हते गं... तसंच मी म्हणले तुला... मला काय ठाव..." आणि मग रडणं. द्वारकाबाईंना रडताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही, आणि त्या पडवीतून कधी आवाज आला असला तर तो ऐकायला ते गेले नव्हते. रडणं जुन्या मुलासाठी आहे की ह्या वेळच्या, हे त्यांना कळेना. बहुतेक दोघांसाठी होतं, आणि ते फार वेळ चाललं. मधूनच गोदाचा आवाज आला, "उगी, आत्याबाई. उगी." पोर सासूला थोपटत होती.

आपणही आत जावं, काहीतरी बोलावं, असं नानासाहेबांना तीव्रपणे वाटलं. बोलायला आता त्यांच्याजवळ पुष्कळ होतं, नोकरीच्या पस्तीस वर्षांत बोलले नसतील एवढं. ते उंबऱ्यापर्यंत गेले. आत अंधार होता, उन्हातून आल्यामुळं दोघींच्या फक्त आकृत्या दिसत होत्या, एकमेकींना टेकलेल्या, आणि त्यांच्यात तिसऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती. गोदानं दाराकडं बघितलं. तिला ते दिसले. तिनं मामा म्हणून हाक मारली असती तर ते पुढं गेले असते. तिनं द्वारकाबाईंच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला आणि तोंड फिरवलं. नानासाहेब उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.